मास्तर बाहेर, मुले आत

आम्ही काही मित्र वर्षातून चार-पाच वेळा शाळांत जाऊन विज्ञानाचे प्रयोग करून दाखवतो. अशाच एका एप्रिलमध्ये एका शाळेत गेलो होतो. वार्षिक परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता आणि शाळा मात्र चालू होती. अशा दिवसांत कोणी पाहुणे आले की शाळांना हायसे वाटते. "नववीचा वर्ग घ्या, त्यांना आता काही काम नाही," असे मोठ्या बाईंनी सांगितले. चंचुपात्रे, मेणबत्त्या, लिंबे असा सगळा सरंजाम घेऊन आम्ही वर्गापाशी पोचलो, तर दार बंद. आतून कडी! आत बाके ओढल्याचे आवाज, टाळ्या आणि खिदळणे. त्याच वर्षी नोकरीला लागलेल्या वर्गशिक्षिका दारावर थापा मारून मारून रडकुंडीला आल्या होत्या. शिपाईमामा पहार घेऊन आले आणि "बिजागरीच उचकटतो" म्हणू लागले.

मोठ्या बाईंनी त्यांना थांबवले. त्या दाराशी सरळ खाली बसल्या आणि फटीतून म्हणाल्या, "तुमचं म्हणणं काय आहे ते लिहून द्या." बरीच कुजबुज झाली. मग दाराखालून वहीचा एक कागद सरकत बाहेर आला. त्यावर चार मागण्या होत्या. कपाटातला फुटबॉल काढून द्यावा. रोज दहा-दहा पाने शुद्धलेखन लिहायला लावू नये. मुलींनाही मैदानावर सोडावे. आणि शाळा नक्की किती तारखेपर्यंत आहे ते सांगावे. पहिल्या तीन मागण्या बाईंनी तिथल्या तिथे मान्य केल्या. चौथीसमोर त्यांनी लिहिले, 'वरून पत्र आले की सांगते.' कडी निघाली. आमचे प्रयोग झाले, पण निम्मेच.

परत येताना आमच्यात वाद झाला. एकाचे म्हणणे, हा सगळा उन्हाचा परिणाम. पत्र्याखाली चाळीस अंशांत बसलेली मुले दुसरे काय करणार? दुसऱ्याचे म्हणणे, परीक्षेचा धाक संपला की असेच व्हायचे. तिसऱ्याने नेहमीचे पालुपद आळवले की हल्लीची मुलेच अशी, आमच्या वेळी असे नव्हते. तिन्ही मते ठाम होती आणि पुरावा कोणाकडेच नव्हता. प्रयोगशाळेत आम्ही असे कधी चालवून घेतले नसते. म्हणून मग जुनी कागदपत्रे काय सांगतात ते पाहू लागलो, आणि जे सापडले त्याने आम्हीच चकित झालो.

इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या शाळांत निदान सोळाव्या शतकापासून एक प्रथा होती. तिचे नाव 'बारिंग आउट'. आपण तिला दारबंदी म्हणू. (दारूबंदी नव्हे!) मोठी सुट्टी काही दिवसांवर आली की मुले शाळेचा ताबा घेत, दारे-खिडक्या आतून बंद करत, आणि मास्तरांना बाहेर ठेवून खिडकीतून त्यांच्याशी वाटाघाटी करत. प्रसिद्ध कोशकार सॅम्युअल जॉन्सन याने १७७९ ते १७८१ या काळात इंग्रजी कवींची चरित्रे लिहिली. त्यांत जोसेफ ॲडिसनच्या चरित्रात या प्रथेचे वर्णन आहे. ॲडिसनचा जन्म १६७२ सालचा. त्याचे वडील लिचफील्डला धर्माधिकारी होते आणि तो तिथल्याच शाळेत शिकत होता. पुढे निबंधकार म्हणून अतिशय संयमी, सभ्य असा नावलौकिक मिळवणाऱ्या या माणसाने शाळेत असताना एका दारबंदीचे नेतृत्व केले होते, अशी हकीकत जॉन्सनने ऐकली होती. तो स्वतः त्याच शाळेचा विद्यार्थी. या प्रथेला त्याने रानटी म्हटले आहे, पण मुलांच्या मनःस्थितीचे निदान नेमके केले आहे. मोकळीक जवळ आली की मुले चिडखोर होतात, असे तो म्हणतो. सुट्टी लांब असते तेव्हा ती धीर धरतात. दिसू लागली की धीर सुटतो.

याला बंड म्हणावे का? त्याचे उत्तर सोपे नाही, कारण काही ठिकाणी ही दारबंदी चक्क शाळेच्या नियमांत लिहिलेली होती. चेशायर परगण्यातल्या विटन या गावी सर जॉन डीन नावाच्या धर्मगुरूने एक शाळा काढली. १५५८ साली त्याने तिचे नियम लिहून दिले. त्यांत एक कलम असे आहे की मुलांच्या मनात शिक्षकांविषयी अढी राहू नये म्हणून गुरुवारी आणि शनिवारी दुपारी त्यांना खेळायला मोकळे सोडावे. आणि नाताळ व ईस्टर यांच्या आधी एक आठवडा, इतर मोठ्या शाळांतल्या जुन्या रिवाजाप्रमाणे, मुलांनी शिक्षकांना शाळेबाहेर ठेवावे. संस्थापकच लिहून ठेवतो की मुलांनी मास्तरांना बाहेर काढावे! शिवाय 'जुन्या रिवाजाप्रमाणे' असेही म्हणतो. म्हणजे १५५८ सालीसुद्धा ही गोष्ट नवी नव्हती. आमच्या मित्राचा 'हल्लीची मुले' हा मुद्दा इथेच निकालात निघाला.

त्या काळच्या शाळा कशा होत्या हे लक्षात घेतले पाहिजे. उन्हाळ्यात सकाळी सहा वाजता वर्ग भरत, संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटत. सगळा वेळ लॅटिनचे पाठांतर आणि हातात छडी. सुट्टी ही मास्तरांच्या किंवा विश्वस्तांच्या मर्जीवर. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेचा संस्थापक जॉन कॉलेट हा मोठा मानवतावादी विद्वान, पण १५१८ च्या नियमांत त्याने बजावून ठेवले की शिक्षकाने अधूनमधून खेळाची जादा सुट्टी दिली तर दर वेळी चाळीस शिलिंग दंड. अपवाद एकच. राजा, आर्चबिशप किंवा बिशप स्वतः शाळेत आला आणि त्याने मुलांसाठी सुट्टी मागितली तर द्यावी.

हा अपवाद वाचताना आम्हांला भवभूतीची आठवण झाली. हा नाटककार आपले घराणे विदर्भातल्या पद्मपूरचे असे सांगतो. त्याच्या 'उत्तररामचरिता'च्या चौथ्या अंकात वाल्मीकींच्या आश्रमात वसिष्ठांसारखे थोर पाहुणे येतात आणि त्यामुळे बटूंना पाठाला सुट्टी मिळते. सौधातकी नावाचा एक वात्रट शिष्य त्या पाहुण्यांचीच चेष्टा करू लागतो, आणि पुढे सुट्टी मिळालेल्या मुलांचा गलका जनक आणि कौसल्येच्या कानी पडतो. शिष्ट माणसे घरी आली की अध्ययन बंद, हा आपल्याकडचा जुना नियम. त्याला शिष्टानध्याय म्हणत. समारंभाच्या शेवटी प्रमुख पाहुण्यांच्या कानाशी लागून "उद्याची सुट्टी जाहीर करा ना" असे सुचवणाऱ्या मुलांना आपण केवढ्या पुरातन परंपरेत आहोत याची कल्पना नसते. पण आपल्याकडच्या अनध्यायाचा आणखी एक विशेष होता. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाठ कधी बंद ठेवावा याची लांबलचक यादी आहे. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशी, शिवाय मेघगर्जना, धुळीचे वादळ, कोल्ह्यांची कोल्हेकुई असे पुष्कळ प्रसंग तिच्यात येतात. त्यांमागच्या समजुतींशी आपल्याला कर्तव्य नाही. पण त्यांतल्या तिथी कोणाच्या मर्जीवर नव्हत्या. उद्या पाठ आहे की नाही हे बटूला चंद्राकडे पाहून कळत असे. गुरुजींकडे ते मागायला जावे लागत नव्हते.

ही मागण्याची वेळ आली आणि नकार मिळाला तर काय होते, याचे सर्वांत भीषण उदाहरण एडिंबरोचे आहे. तिथल्या हायस्कूलची मुले दरवर्षी नगरपरिषदेकडे जाऊन ठरलेली सुट्टी मागत असत. मागायचे आणि मिळायचे असा परिपाठ होता. १५९५ सालच्या सप्टेंबरमध्ये ती नेहमीप्रमाणे गेली, आणि परिषदेने साफ नकार दिला. त्या काळच्या रॉबर्ट बिरेल नावाच्या एका नागरिकाची रोजनिशी उपलब्ध आहे. तिच्यात या प्रसंगाची नोंद आहे आणि त्या नोंदीत दोन शब्द महत्त्वाचे आहेत. मुले 'दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे' गेली होती, असे तो म्हणतो; आणि ज्यासाठी गेली त्याला तो 'हक्क' या अर्थाचा शब्द वापरतो. परिषदेच्या दृष्टीने ती कृपा होती, मुलांच्या दृष्टीने हक्क होता. स्कॉटलंडमध्ये १५६० च्या धर्मसुधारणेनंतर नाताळासकट जुने धार्मिक सण शिस्तीच्या नावाखाली रद्द केले गेले होते, हेही ध्यानात ठेवावे. वर्षभर विखुरलेल्या सुट्ट्या आटल्या की उरलेल्या एका सुट्टीचे मोल किती वाढते, हे शिक्षकांना सांगायला नको.

मुले रात्रीच शाळेत शिरली. ही सरदार-जमीनदारांची मुले होती. त्यांनी खाण्यापिण्याचे सामान, तलवारी आणि पिस्तुले आत नेली आणि दारे भक्कम बंद करून घेतली. सकाळी मुख्याध्यापक हर्क्युलीस रोलॉक आले. हा मनुष्य लॅटिनमध्ये कविता करणारा, विद्वान. त्यांना आत घेतले नाही. आमचा हक्क द्या, मग दार उघडू, एवढेच उत्तर. प्रकरण नगरपरिषदेकडे गेले. १५ सप्टेंबरला परिषदेने जॉन मॅकमॉरन या आपल्या दंडाधिकाऱ्याला बंदोबस्तासाठी पाठवले. एडिंबरोच्या सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांपैकी हा एक. त्याने आधी दार उघडा म्हणून सांगितले. मुलांनी ऐकले नाही. तेव्हा त्याने आणि त्याच्या शिपायांनी एक तुळई उचलली आणि मागच्या दारावर धडका द्यायला सुरुवात केली. आतून एका मुलाने बजावले की थांबा, नाहीतर गोळी घालीन. पोरगा काय गोळी घालतो, असे मॅकमॉरनला वाटले. त्याने धडका चालूच ठेवल्या. खिडकीतून विल्यम सिंक्लेअर नावाच्या विद्यार्थ्याने पिस्तूल झाडले. गोळी डोक्यात लागली आणि मॅकमॉरन मेला.

गाव शाळेवर धावून गेले. मुलांना पकडून तुरुंगात टाकले. पण सिंक्लेअरचे घराणे उत्तरेकडच्या केथनेस प्रांतातले, वजनदार. इतरांचे आईबापही काही साधे नव्हते. थोड्याच काळात सगळी मुले कसलीही इजा न होता सुटली, अशी नोंद करून बिरेल थांबतो. मुख्याध्यापक रोलॉक यांचे मात्र पद गेले. १५९६ मध्ये शाळेवर अलेक्झांडर ह्यूम हे नवे मुख्याध्यापक आले. सुट्टी नाकारली परिषदेने, दार फोडले दंडाधिकाऱ्याने, गोळी झाडली एका बड्या घरच्या मुलाने, आणि नोकरी गेली शिक्षकाची. चारशे वर्षांपूर्वीच्या या हिशोबात आमच्या वाचकांपैकी काहींना ओळखीचे काही दिसेल.

मॅकमॉरनचे घर एडिंबरोत आजही उभे आहे. रिडल्स कोर्ट असे त्या वाड्याचे नाव. या खुनानंतर तीनच वर्षांनी तिथे राजाच्या मेजवान्याही झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो मोडकळीला आला होता. तेव्हा तो वाचवून विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय करणारा माणूस म्हणजे जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडीस. हेच गेडीस १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि जगदीशचंद्र बोस यांचे चरित्रही त्यांनीच लिहिले. विद्यार्थ्याच्या गोळीने मेलेल्या माणसाच्या घरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघावे, हा योगायोग आम्हांला विलक्षण वाटला. असो.

सगळीकडे असे रक्त सांडले नाही. बर्मिंगहॅमला १६६७ मध्ये मुलांनी शाळा अडवली तेव्हा मुखवटे घालून आणि पिस्तुले घेऊन गावातले काही लोकही त्यांच्या मदतीला आले होते. मँचेस्टरला १६९० मध्ये मुले पंधरवडाभर आत बसली, आणि गावकरी खिडकीतून त्यांना अन्न आणि हत्यारे पुरवत होते! पालक शाळेच्या बाजूने नसून मुलांच्या बाजूने, हे दृश्य काही केवळ आजचे नाही.

पण सर्वांत बोलके वर्णन कंबरलंडमधल्या ब्रॉमफील्ड या खेड्यातल्या शाळेचे आहे. विल्यम हचिन्सनने १७९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या परगण्याच्या इतिहासात ते दिले आहे. तिथे दारबंदी वसंताच्या तोंडावर, ख्रिस्ती उपवासांच्या पर्वाच्या आरंभी होत असे आणि तिची मुदत तीन दिवस ठरलेली होती. एल्डर नावाच्या झाडाच्या फांदीतला गर मऊ असतो. तो काढून टाकला की पोकळ नळी मिळते. तिच्यात बोळा ठासून दट्ट्या दाबला की आतली हवा कोंडली जाते आणि बोळा फटकन उडतो. नळीच्या अशा बंदुका करून मुले शाळेचे रक्षण करत. (हवेचा दाब शिकवायला हा प्रयोग उत्तम आहे. आमच्या कोकणातल्या मित्रांनी लहानपणी बांबूच्या नळीत हिरवी फळे ठासून तो केलेला आहे.) मास्तरांनी तीन दिवसांत कोणत्याही युक्तीने आत शिरून दाखवायचे. शिरले तर ते जिंकले. मग मुलांना जबर अभ्यास दिला जाई आणि तो मुकाट्याने करावा लागे. शिरता आले नाही तर वेढा उठे आणि तह होई.

आणि तह कशाचा? येत्या वर्षभरात अभ्यासाचे तास कोणते आणि खेळाचे कोणते, याचा! कलमे लिहून काढत, दोन्ही बाजूंनी जामीन देत आणि त्या कागदावर मास्तर आणि विद्यार्थी अशा दोघांच्या सह्या होत. नंतर फुटबॉलचा सामना. कोंबड्यांची झुंजही होई. ती प्रथा गेली हे बरेच झाले. म्हणजे त्या तीन दिवसांच्या धुमश्चक्रीतून बाहेर पडत होते ते शाळेचे वेळापत्रक. ते कोणी वरून पाठवत नव्हते.

आता आमच्या वादाकडे वळू. उन्हाचा मुद्दा घेऊ. नोंदलेल्या दारबंद्या बहुतेक नाताळच्या आधीच्या आहेत, म्हणजे कडाक्याच्या थंडीतल्या. ब्रॉमफील्डची फेब्रुवारी-मार्चमधली, एडिंबरोची सप्टेंबरमधली. उकाड्याने मुले हैराण होतात हे खरेच आहे, आणि आपल्याकडे त्याचा त्रास कमी लेखू नये. पण मूळ कारण ते असते तर ब्रिटनच्या डिसेंबरात हे घडायला नको होते. परीक्षेचा धाक संपल्याचा मुद्दा घ्यावा तर त्या शाळांत आपल्यासारखी वार्षिक परीक्षाच नव्हती. मग या सगळ्या प्रसंगांत समान काय उरते? शेवट दृष्टिपथात आलेला असतो, तो नेमका कधी येणार हे दुसऱ्याच्या हातात असते, आणि मधल्या दिवसांना काही अर्थ उरलेला नसतो.

पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीबद्दल मानसशास्त्राने थोडेफार सांगितले आहे. क्लार्क हल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३२ साली असा सिद्धांत मांडला की ध्येय जसजसे जवळ येते तसतशी धडपड वाढते. नळकांड्यातून अन्नाकडे धावणारा उंदीर शेवटच्या टप्प्यात वेग वाढवतो. फेर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात याची दुसरी बाजू दाखवली. ठरावीक संख्येने टोचे मारले की दाणा, अशी सवय लावलेले कबूतर दाणा मिळाल्यावर लगेच कामाला लागत नाही. काही काळ थांबते, इकडेतिकडे करते. उंदरा-कबुतरांवरून एकदम मुलांवर उडी मारू नये, हे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. तरीही वर्षभर आपण मुलांसमोर परीक्षा हेच एकमेव ध्येय म्हणून टांगत असू, तर परीक्षा संपल्यावरच्या पंधरा दिवसांत ती सरळ बसतील ही अपेक्षा कशाच्या आधारावर करायची? तो दाण्यानंतरचा थांबा आहे. त्या थांब्यात दहा पाने शुद्धलेखन लिहायला देणे म्हणजे कबुतराला दाण्याऐवजी पिंजऱ्याची सळई दाखवणे होय.

ही प्रथा पुढे संपली कशी? दंडुक्याने काही ठिकाणी संपली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विश्वस्त आणि गावप्रमुख तिला अधिकाधिक कठोरपणे मोडू लागले. शिष्ट वर्गाची सहानुभूतीही गेली. विटनच्या संस्थापकाने जिला कलमात बसवले तिलाच जॉन्सन रानटी म्हणतो, यात दोनशे वर्षांतला बदल दिसतो. मराया एजवर्थ या लेखिकेने १७९६ च्या आपल्या बालकथांत दारबंदीवर एक गोष्ट लिहिली, तीही मुलांना गटबाजीचे दुष्परिणाम सांगण्यासाठी. पण मोठे कारण आमच्या मते वेगळे आहे. सुट्ट्यांच्या तारखा हळूहळू आधीपासून ठरू लागल्या आणि सर्वांना कळू लागल्या. जे आपोआप मिळणार आहे ते हिसकावून घेण्यात गंमत उरत नाही. जिथे सुट्टी शिक्षकाच्या मर्जीवर राहिली तिथे दारबंदीही टिकली. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत ती एकोणिसाव्या शतकातही जोरात होती. तिथली मागणी नाताळच्या सुट्टीची किंवा मास्तरांनी सफरचंदे आणि मिठाई वाटावी अशी असे. धुराडे वरून झाकून मुलांना धुराने बाहेर काढणे, हा तिथल्या मास्तरांचा हुकमी उपाय. एडवर्ड एगल्स्टनच्या १८७१ च्या इंडियानातल्या शाळामास्तराच्या कादंबरीत हा प्रसंग आला आहे आणि वाचक मास्तरांवर खूश होतो. धुरामुळे घुसमटणे हा विनोदाचा विषय नव्हे, हे आज आपण जाणतो.

दारबंदी म्हणजे मुलांचा निरागस खेळ होता असे आम्हांला मुळीच सुचवायचे नाही. बर्मिंगहॅमच्या मास्तरांना ठार मारण्याच्या धमक्या दिल्या गेल्या आणि खिडक्यांतून विटा-दगड फेकले गेले. ब्रॉमफील्डची लहान मुले तीन दिवस मोठ्यांच्या दमदाटीखालीच आत राहत असतील, असा आमचा अंदाज आहे. तहावर सह्या कोणाच्या होत्या हे सांगितलेले आहे, गप्प कोण बसले होते हे सांगितलेले नाही. आमच्या त्या नववीच्या वर्गातही मागे दोन मुली कानांवर हात ठेवून बसलेल्या होत्या. कडी निघाल्यावर त्यांच्याकडे आधी गेल्या त्या वर्गशिक्षिका. आम्ही आमची चंचुपात्रे मांडण्यात गुंतलो होतो.

आपल्याकडे या दिवसांचा प्रश्न सरकारलाही जाणवला आहे. परीक्षा लवकर आटोपतात आणि नंतर मुले शाळेत येतच नाहीत, म्हणून महाराष्ट्राच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२५ साली पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल या काळात घ्याव्यात असे कळवले. शिक्षकांनी त्याला हरकत घेतली. इतक्या उन्हात लहान मुलांच्या परीक्षा कशा घ्यायच्या, आणि १ मे च्या निकालापर्यंत उत्तरपत्रिका कधी तपासायच्या? दोन्ही हरकती खऱ्या आहेत. परिषदेने केले ते एवढेच की रिकामे दिवस परीक्षेने भरून काढले. कबूतर थांबू नये म्हणून दाणाच उशिरा दिला. थांब्यात काय करायचे हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही, पुढे ढकलला गेला.

त्या शाळेच्या मोठ्या बाईंना आम्ही नंतर ही एडिंबरोची हकीकत सांगितली. मॅकमॉरनच्या तुळईपर्यंत आलो तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या शिपाईमामांना ही गोष्ट सांगायला हवी." मग ब्रॉमफील्डचा तह ऐकून त्या गंभीर झाल्या. त्यांनी टेबलाच्या खणातून तो वहीचा कागद काढला. त्यांनी तो जपून ठेवला होता. पुढच्या वर्षी त्यांनी जानेवारीतच नववीच्या मुलांना बोलावून विचारले की परीक्षेनंतरचे आठ दिवस तुमच्या हातात दिले तर काय कराल. मुलांनी आधी फुटबॉल सांगितला. नंतर प्रयोगशाळेतली जुनी मोडकी उपकरणे उघडून पाहायची परवानगी मागितली, आणि तीन मुलींनी शाळेच्या विहिरीची खोली मोजायची आहे असे सांगितले. त्या कामासाठी आम्हांला बोलावणे आले. विहिरीत दगड टाकून वेळ मोजायचे ठरले होते, पण पाणी इतके खाली गेले होते की आवाजच नीट ऐकू येईना. शेवटी दोरीला विटेचा तुकडा बांधून मोजले. शाळा किती तारखेपर्यंत आहे याचे पत्र त्या वर्षीही उशिराच आले.